देवळाच्या मोफत दवाखान्यात सेवेला जाताय? आधी कामाचा क्रम शिकून घ्या

दरवर्षी गणपती उठले की आमच्या रविवारच्या दवाखान्यात नवे सेवेकरी येतात. उत्साह भरपूर, आणि चुकाही दरवर्षी त्याच. कोणी केसपेपर निघायच्या आधीच औषध सुचवतं, कोणी घरात उरलेल्या गोळ्यांची पिशवी घेऊन येतं, कोणी रुग्णाला नुसतं "केईएमला जा" सांगून मोकळं होतं. मी कुर्ल्यातल्या एका देवस्थान ट्रस्टच्या दवाखान्यात नोंदणीचं टेबल सांभाळते. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं मी आधी चुकले आणि मग शिकले. दवाखाना देवळाचा असो, चर्चचा, दर्ग्याचा की गुरुद्वाऱ्याचा, कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

आमच्याकडे येणारी माणसं म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, नाक्यावरचे मजूर, वॉचमन, जरीकामवाले. मेडिक्लेम हा शब्द त्यांच्या घरात नाही. आम्ही त्यांना बीपीची गोळी देऊ शकतो, हर्नियाचं ऑपरेशन करून देऊ शकत नाही. म्हणून इथलं निम्मं काम औषधाचं नाही, कागदाचं आहे. नवे सेवेकरी नेमकं तेच टाळतात.

टप्पा १ : जाण्याआधीच्या आठवड्यात

ट्रस्टच्या ऑफिसात आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोटो द्या, आणि तुम्हाला काय येतं ते खरं सांगा. नर्सिंग किंवा फार्मसी केली असेल तर नोंदणी क्रमांकासकट सांगा. काहीच केलं नसेल तरी हरकत नाही. आम्हाला सगळ्यात जास्त कमी पडतात ती सुवाच्य अक्षर असलेली आणि हिंदी नीट बोलणारी माणसं.

सुईच्या आसपास काम करणार असाल तर हिपॅटायटिस बी ची लस घ्या. तीन डोस असतात : आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तोवर नोंदणीच्या टेबलावर बसा.

"जमेल तसं येईन" असं सांगू नका. महिन्यातून एकच रविवार द्या, पण ठरलेला द्या. आदल्या रात्री मेगाब्लॉकचं (रविवारी दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात त्याचं) वेळापत्रक बघा. आमच्या दवाखान्याचे निम्मे घोटाळे हार्बर लाइनच्या मेगाब्लॉकने केलेत. डॉक्टर मानखुर्दला अडकलेले आणि इकडे साठ माणसं टोकन घेऊन बसलेली.

सोबत दोन पेनं, पाण्याची बाटली, मास्क आणि एक वही ठेवा. सेंट मारून येऊ नका, दम्याचे रुग्ण असतात.

तपासा : तुम्हाला काम कोण सांगणार, अडचण आली तर कोणाला विचारायचं आणि चक्कर येऊन कोणी पडलं तर काय करायचं. ही तीन उत्तरं मिळाली नसतील तर पुन्हा विचारा.

टप्पा २ : मांडामांड

चार टेबलं एकाच दिशेने लावा : नोंदणी, बीपी-शुगर, डॉक्टर, औषधं. रुग्ण एका दाराने आत यावा आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडावा. औषधाचं टेबल दाराशी ठेवलंत तर लोक तपासायच्या आधीच तिथे गर्दी करतात. पाचवं टेबल कागदपत्रांचं. ते बाहेरच्या दाराजवळ पण जरा आडोशाला हवं, कारण तिथे माणसं घरची परिस्थिती सांगतात.

आता चपलांचं. देवळाचा हॉल म्हटला की चपला बाहेर. पण जुन्या मधुमेहात तळपायाची जाणीव गेलेली असते. मे महिन्यात आमच्या अंगणातल्या फरशीवर एका काकांच्या तळव्याला फोड आले आणि त्यांना घरी जाऊन पाय धुताना कळलं. त्यानंतर विश्वस्तांशी दोन महिने वाद घातला. आता बाजूच्या दाराने, काथ्याच्या पायघडीवरून, चपला घालूनच रुग्ण आत येतात. तुमच्या ट्रस्टमध्ये हा प्रश्न पहिल्याच दिवशी काढा.

त्या बाजूच्या दाराचा आणखी एक फायदा झाला. दुसऱ्या धर्माच्या बायका गाभाऱ्यासमोरून यायला बिचकायच्या, त्या आता सरळ येतात. नाव, जात आणि आजार मोठ्याने पुकारू नका. टोकनचा नंबर पुकारा.

सावध : कोणी अंगारा किंवा तीर्थ मागितलं तर देवळाकडे बोट दाखवा, दवाखान्याच्या टेबलावर ते ठेवू नका. "याने बरं वाटेल" असं तर चुकूनही म्हणू नका. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा राहू द्या बाजूला, माणूस घरी जाऊन शुगरची गोळी बंद करतो, हा खरा धोका.

टप्पा ३ : केसपेपर

नाव आधार कार्डावर असेल तसंच लिहा. "सुनिता" आणि "सुनीता" या एका वेलांटीवर पुढे योजनेचं काम अडतं. वय विचारून लिहू नका, कार्ड बघून लिहा. मोबाइल नंबर घेतलात की लगेच एक मिस्ड कॉल द्या. बरेच नंबर शेजाऱ्याचे किंवा मुलाच्या जुन्या सिमचे निघतात.

तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहा. "छातीत भरून येतं" याचं तुम्ही "ॲसिडिटी" करू नका. "अंगावरून जातं" हे बाई कुजबुजून सांगतात. तिथे बाई सेवेकरीच बसवा, आणि तेही तसंच लिहा. मुलगा आईच्या वतीने बोलत असेल तर त्याचं ऐकून घ्या आणि मग आईला विचारा.

पाच प्रश्न चुकवायचे नाहीत :

किती दिवस झाले?
आत्ता कोणतं औषध चालू आहे? पाकीट बघा, "पांढरी गोळी" चालत नाही.
कशाची ॲलर्जी आहे का?
बाई असतील तर, दिवस गेलेत का?
आज काय खाल्लंय?

शेवटचा प्रश्न मुद्दाम असा विचारायचा. "उपाशी आहात का?" म्हटलं की लोक "नाही हो, चहा घेतलाय" म्हणतात. संकष्टी, एकादशी, नवरात्र किंवा रमजानचा रोजा असेल तर केसपेपरवर ठळक लिहा. उपाशीपोटी काही शुगरच्या गोळ्यांनी साखर धोकादायक खाली जाते, आणि उपासाच्या साबुदाण्याने वर. गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. तुमचं काम फक्त त्यांच्या डोळ्यांसमोर ते आणणं.

पावसाळ्यात सहावा प्रश्न : गेल्या काही दिवसांत साचलेल्या पाण्यातून चालत गेलात का? लेप्टोची (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी पाण्यातून गेल्यापासून ७२ तासांच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची असते, आणि महापालिकेच्या दवाखान्यात ती मिळते. रुग्ण स्वतःहून हे सांगत नाही. कुर्ल्यात पाण्यातून चालणं ही सांगण्यासारखी गोष्टच नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर लगेच मास्क द्या, खिडकीजवळ बसवा आणि टोकन पुढे घ्या.

टप्पा ४ : बीपी आणि शुगर

बीपी घाईत घेतलं की चुकतं. जिना चढून आलेल्या माणसाला पाच मिनिटं बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोजताना गप्पा नकोत. अर्ध्या तासात चहा, बिडी, तंबाखू किंवा मिसरी झाली असेल तर थांबवा. पट्टा कपड्यावरून बांधू नका, आणि घट्ट बाही दंडावर गुंडाळूनही ठेवू नका, तिचाच आवळ बसतो. तशा वेळी पडद्यामागे बाही काढायला सांगावी. आकडा जास्त आला तर एका मिनिटाने पुन्हा घ्या आणि दोन्ही लिहा. १४८ चे १५० करू नका.

शुगरची गंमत सांगते. एका आजींची शुगर ३४० आली. सेवेकरी पोरगी घाबरून डॉक्टरांकडे पळाली. डॉक्टरांनी आजींचा हात हुंगला आणि विचारलं, "प्रसाद काय होता?" पेढा होता. साबणाने हात धुऊन, पुसून पुन्हा घेतली, तर १४६. तेव्हापासून बीपी-शुगरच्या टेबलाआधी बादली, साबण आणि टॉवेल ठेवलाय. स्पिरिटने पुसलंत तर बोट वाळू द्या. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात ओल धरून पट्ट्या खोटं बोलतात.

सावध : प्रत्येक माणसाला नवीन सुई. पेनासारखं टोचायचं यंत्र असेल तर नुसती सुई बदलून भागत नाही, ते यंत्र एकाच माणसासाठी असतं. दवाखान्यात एकदा वापरून फेकायच्याच सुया आणा.

टप्पा ५ : रांग कधी मोडायची

रांग मोडायचा अधिकार नोंदणीवरच्या माणसाला असतो, तो वापरायला लाजू नका. पुढच्यांपैकी काहीही दिसलं तर टोकन बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टरांकडे न्या :

छातीत दुखणं, दाबल्यासारखं होणं, त्यासोबत घाम. जबडा, खांदा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ.
तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, अचानक बोबडं बोलणं.
बसल्याजागी दम लागणं.
बीपी १८०/१२० किंवा वर. शुगर ७० च्या खाली.
गरोदर बाईला रक्तस्राव, फिट, किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी.
तापात बडबड किंवा गुंगी. बाळ दूध ओढत नसेल तर.

डॉक्टर अजून आलेच नसतील तर १०८ ला फोन करा, सेवा मोफत आहे. शुगर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीत असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. पन्नाशीच्या मावशी, शुगर जुनी, म्हणाल्या, "गॅस झालाय, जबडा दुखतो." नव्या सेवेकऱ्याने आपल्या पाकिटातली गॅसची गोळी दिली आणि एकोणतिसावं टोकन हातात ठेवलं. बारावं टोकन चालू असताना त्या खुर्चीतून घसरल्या. वाचल्या, पण राजावाडी हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत गेलेली वेळ परत आली नाही. मधुमेही माणसाला आणि बायकांना हार्ट अटॅक बऱ्याचदा "गॅस" म्हणूनच येतो.

टप्पा ६ : डॉक्टरांच्या टेबलाशी

इथे थोडंच काम आहे. दुभाषा म्हणून बसलात तर रुग्ण बोलला तेवढंच सांगा, आपलं मत घालू नका. तपासणीच्या वेळी बाई रुग्णासोबत एक बाई सेवेकरी हवी. मेडिकलचे विद्यार्थी असाल तर शिका, विचारा, पण औषध लिहू नका.

फोटो काढू नका. देणगीदारांना हवे असतील तर रिकाम्या टेबलांचे पाठवा. केसपेपर किंवा रिपोर्टचा फोटो सेवेकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर आमच्याकडे त्या सेवेकऱ्याला पुढच्या रविवारी बोलावत नाहीत. कडक वाटेल, पण वस्तीत बातमी पसरायला एक फॉरवर्ड पुरतो.

टप्पा ७ : औषधं देणं

१९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरची औषधं देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे. तुम्ही खोकी लावा, नावं वाचा, पाकिटांवर लिहा, पण हातात देण्याआधी फार्मासिस्टची नजर फिरली पाहिजे.

दानात आलेल्या औषधांची छाननी कडक ठेवा. कापलेली पट्टी, जिच्यावर बॅच आणि मुदत दिसत नाही, ती बाद. उघडलेलं सिरप बाद. तीन महिन्यांत मुदत संपणारं असेल तर महिन्याभराचं औषध द्यायच्या कामाचं नाही, वेगळं ठेवा. देणारे दुखावतात. "आजोबा गेले, त्यांच्या गोळ्या आहेत" म्हणत पिशवी पुढे करतात तेव्हा नाही म्हणणं जिवावर येतं. तरी नाही म्हणा.

पाकिटावर १-०-१ लिहून हातात ठेवू नका. एका चाचांनी ते "एकशे एक" वाचलं होतं. सूर्य आणि चंद्राचं चित्र काढा, आणि रुग्णाचं काम विचारा. आमचे एक वॉचमन रात्रपाळी करून सकाळी झोपायचे, आणि "झोपताना" म्हणून दिलेली गोळी बिचारे सकाळी आठला घ्यायचे, "सकाळची" गोळी त्याच्या आधी सातला. जेवण कधी आणि झोप कधी ते विचारून मगच वेळ लिहा.

तपासा : रुग्णालाच परत सांगायला लावा. "कळलं ना?" याला सगळे हो म्हणतात. "मावशी, घरी सुनेला कसं सांगाल?" असं विचारलं की कळतं काय कळलंय ते.

फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन जात असेल तर नर्सला दाखवूनच पाठवा. कोरड्या पिशवीत बांधून, गार पाण्याच्या मडक्यात पाणी लागणार नाही असं ठेवायची रीत त्या शिकवतात.

टप्पा ८ : पुढे पाठवणं आणि कागद

इथे घाई केली तर आधीचं सगळं फुकट जातं. क्रम असा.

पहिलं, रेशन कार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवा. नावं जुळतात का? सुनेचं, नातवाचं नाव चढलंय का? नसेल तर आजच शिधावाटप कार्यालयाच्या कामाला लावा. माणूस आजारी पडल्यावर हे होत नाही.

दुसरं, योजना सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडलेली आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या कार्डवाल्यांसकट राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना लागू आहे. आपल्याला लागू आहे हेच लोकांना माहीत नसतं. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. पण ही योजना भरती होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. ओपीडीची गोळी आणि सोनोग्राफी तिच्यात बसवायला जाऊ नका. यूपी-बिहारचं रेशन कार्ड असेल तर त्या राज्याच्या आयुष्मान यादीत नाव आहे का ते १४५५५ वर विचारा, ते कार्ड इथेही चालतं.

सावध : योजना कॅशलेस आहे. हॉस्पिटलात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं (योजनेच्या तिथल्या मदतनिसाचं) टेबल गाठायचं, डिपॉझिटची खिडकी नंतर. बिल भरून झाल्यावर पावत्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे येणारी माणसं बघवत नाहीत. हेल्पलाइन १५५३८८ केसपेपरच्या मागे लिहून द्या.

तिसरं, धर्मादाय रुग्णालयं. मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला दाखल करून स्थिर करावं लागतं, आणि निर्धन रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. तिथे रिसेप्शनवर वाद घालू नका, समाजसेवकांचा विभाग विचारा. रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत हवा. दाखला निघायला वेळ लागतो, म्हणून ऑपरेशनची तारीख नसतानाच काढायला लावा. दाद लागली नाही तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

चौथं, चिठ्ठी. "केईएमला दाखवा" ही चिठ्ठी नव्हे. आमची चिठ्ठी अशी असते :

"वय ५२, पुरुष. उजव्या जांघेत हर्निया, ८ महिने. दोन महिन्यांपासून दुखतो, उभं राहिल्यावर मोठा होतो, झोपल्यावर आत जातो. बीपी १४४/८८, शुगर १३२, दोन्ही आजचे. चालू औषध : ॲम्लोडिपिन ५, सकाळी. ॲलर्जी नाही. सर्जरी ओपीडीसाठी पाठवत आहे." खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक.

मागच्या बाजूला मराठीत किंवा हिंदीत रुग्णासाठी : कोणतं स्टेशन, कोणत्या वारी, कोणती ओपीडी. केईएमसाठी परळ, सायन हॉस्पिटलसाठी शीव, नायरसाठी मुंबई सेंट्रल, राजावाडीसाठी विद्याविहार. सकाळी लवकर जायचं, कारण केसपेपरची खिडकी बंद झाली की तो दिवस आणि त्या दिवसाची मजुरी दोन्ही गेली. जुने रिपोर्ट, आधार, रेशन कार्ड सोबत. चार पोळ्या आणि पाणीही सोबत.

सगळ्यांना परळला पळवू नका. साध्या तपासण्यांना घराजवळचा महापालिकेचा "आपला दवाखाना" किंवा कुर्ल्याचं भाभा हॉस्पिटल पुरतं. टीबीचा संशय असेल तर जवळचं महापालिकेचं आरोग्य केंद्र. तपासणी आणि औषधं मोफत, आणि उपचार चालू असेतोवर पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. खातं नसेल तर आधी ते उघडायला लावा. आणि गावाकडचा कॅन्सरचा रुग्ण टाटाला जाणार असेल तर राहायचं काय ते त्याच टेबलावर विचारा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं त्या गर्दीत विसरायला होतं.

टप्पा ९ : आवराआवर आणि बुधवारचा फोन

वापरलेल्या सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. हा कचरा ४८ तासांच्या आत अधिकृत गाडीकडे गेला पाहिजे. देवळाच्या निर्माल्याच्या पिंपात तर मुळीच नाही. एकदा गेला होता, आणि तो उपसणाऱ्या पोराला सुई टोचली. त्याचे रिपोर्ट नीट येईपर्यंत आम्हाला कोणाला झोप नव्हती.

सुईचे डबे, उरलेल्या पट्ट्या, औषधांच्या पेट्या मोजा आणि वहीत लिहा. केसपेपर कपाटात, कुलूप लावून.

मग पाठवलेल्या रुग्णांची यादी वेगळी काढा. तिला तीन रकाने : गेला का, काय सांगितलं, पुढची तारीख कोणती. बुधवारी यादीतल्या प्रत्येकाला फोन करायचा. "गेलो नाही" म्हणाले तर रागवू नका, कारण विचारा. बहुतेक वेळा सुट्टी मिळाली नाही किंवा सोबत यायला कोणी नव्हतं, एवढंच असतं, आणि सोबतीला एक सेवेकरी देता येतो. फोन रात्री साडेआठनंतर करा. त्याआधी माणूस कामावर असतो नाहीतर लोकलमध्ये लोंबकळत, आणि तिथे तो नुसतं "हो हो, जातो" म्हणतो.